दोन गाण्यांची चिमणी

तिला कुणी 'चिमणी' म्हटलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. आणि म्हणायचे तर सगळेच! भाजीवाला म्हणायचा, बँकेतला शिपाई म्हणायचा, पार्लरमध्ये पहिल्यांदा आलेली बाई खुर्चीत टेकायच्या आधी आरशातून डोळे बारीक करून बघायची आणि ओरडायची, "अय्या! तुम्ही त्या चिमणी ना?"

आता ही पार्लरवाली कशी, तर चांगली उंचीपुरी, रुंद खांद्यांची, पंजा असा की गिऱ्हाइकाचे सगळे केस एका मुठीत मावावेत. आवाजही तसाच भरदार. फोन उचलून 'हॅलो' म्हटलं की पलीकडचा 'बोला साहेब' म्हणायचा. अशा बाईला चिमणी म्हणायचं म्हणजे थट्टाच की! पण लोक थट्टा करत नव्हते. लोकांना ती दोन गाणी आठवत होती.

सायकलवालं आणि खिडकीवालं. ती एकोणीस वर्षांची असताना आणि तिचा मोठा भाऊ पंचविशीचा असताना त्या दोघांनी केलेली गाणी. चाल दादाची, माउथ ऑर्गन दादाचा, आवाज हिचा. एकाच वर्षात दोन्ही अशी गाजली की शाळेच्या स्नेहसंमेलनापासून सर्कशीच्या तंबूपर्यंत दुसरं काही वाजेना. कॅसेटवरचा आवाज पातळ, तुरतुरणारा, म्हणून कुठल्याशा साप्ताहिकाने चिमणी म्हटलं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिसरं गाणं आलं. ते आपटलं. मग चौथं आलंच नाही. संपला कारभार.

"पण काय गोड आवाज होता हो तुमचा," खुर्चीतली बाई म्हणायची. "आता अगदीच गेला का?"

"गेला," ही म्हणायची, आणि कंगवा जरा जोरात ओढायची. "आई गं!" बाई म्हणायची. "गुंता आहे," ही म्हणायची. गुंता बिंता काही नसायचा.

कारण आवाज गेला हे ती स्वतःही मानून बसली होती, आणि तेच तिला सलायचं. गाणी गाजल्यावर स्टेजवर उभं राहायची वेळ आली तेव्हाच तिची पंचाईत झाली होती. कॅसेटमध्ये जो सूर सहज लागलेला, तो स्टेजवर लागताना घसा सोलून निघायचा. दादा म्हणायचा, "ओढ! वर ओढ! लोक कॅसेटसारखं ऐकायला आलेत." ती ओढायची. गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, मध झाला, आलं झालं, डॉक्टर झाले, महिनाभर मौन झालं. शेवटी एका मैदानावर आवाज असा फाटला की मागून कुणीतरी ओरडलं, "ही ती नव्हेच! खरी चिमणी आणा!" आणि सगळं मैदान तेच ओरडायला लागलं. तिसऱ्या गाण्यातला आवाज ऐकून तर लोकांची खात्रीच पटली. गाणारी कुणी वेगळीच होती, ही ठोकळी नुसती फोटोपुरती, असं बोललं जाऊ लागलं.

तेव्हा दादाने त्याच साप्ताहिकाला मुलाखत दिली. "बहिणीचा आवाज बसलाय. काय करणार, निसर्गापुढे इलाज नाही." मग त्याने स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला, पातळ आवाजाच्या पोरी शोधून आणल्या, आणि एकामागून एक पाच-सहा चिमण्या त्या दोन गाण्यांवर नाचवल्या. ही केस कापायला शिकली.

गाणं तिने टाकलं ते टाकलंच. न्हाणीघरातसुद्धा गुणगुणली नाही. लेक झाली तेव्हा पोरीला झोपवायला नवरा बेसूर हेल काढायचा आणि ही बाजूला बसून नुसती थोपटायची. नवरा पुढे अपघातात गेला. लेक मोठी झाली, आईच्याच पार्लरमध्ये दुसऱ्या खुर्चीवर उभी राहू लागली. आपली आई गायची हे तिला माहीत होतं ते जगाला माहीत होतं तेवढंच.

आणि मग एके दिवशी दादा साखर पेरत पार्लरमध्ये आला. साठीचा झालेला, पण शर्ट अजून फुलाफुलांचा. म्हणाला, कुणी एक मोठा कार्यक्रम करतंय. ज्यांची दोनच गाणी गाजली आणि पुढे ज्यांचं काही झालं नाही, अशा सगळ्यांना एका स्टेजवर आणायचं. नाव काय, तर 'दोनच, पण लाखात!'

"मला नको," ती म्हणाली. "आवाज कुठाय?"

"अगं आवाज कुणाला हवाय?" दादा म्हणाला. "टेप लावणार आहेत. तू नुसते ओठ हलव. ही घे कॅसेट, घरी लावून ओठांचा सराव कर. मी बाजूला माउथ ऑर्गन घेऊन उभा असतो. बहीण-भाऊ एकत्र दिसलो की लोक रडतील बघ!"

तिने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण लेक मध्येच म्हणाली, "आई, कर ना. मी तुला स्टेजवर कधी बघितलंच नाही." मग तिने कॅसेट घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. लेक केसांचा रंग आणायला बाजारात गेली होती. हिने कॅसेट पार्लरच्या प्लेअरमध्ये घातली. हा प्लेअर एका बंद पडलेल्या डान्स क्लासकडून जुना घेतलेला. मुलांना स्टेप शिकवताना गाणं हळू करायला लागतं, म्हणून त्याला वेग कमी-जास्त करायचं एक बटण होतं. सकाळी धूळ पुसताना लेकीच्या फडक्याने ते बटण खाली सरकलं होतं. ते हिला काय माहीत?

गाणं सुरू झालं. आणि हातातला ब्रश खाली पडला.

चिमणी नव्हतीच ती. ती हीच होती. एकोणीस वर्षांची, पण हीच. भरदार, खालच्या पट्टीतला, छातीतून येणारा तोच आवाज, जो तिला घरात, विहिरीकाठी, शाळेच्या रिकाम्या वर्गात स्वतःचा म्हणून माहीत होता. खाली सरकलेलं बटण तिला दिसलं, ते तिने वर सरकवलं. चिमणी. खाली केलं. आपण. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग तिला वाटलं, ह्यात काय नवल? कुणाचंही गाणं हळू केलं तर आवाज जाडच होणार. उगाच मनाचे खेळ. ती ब्रश उचलायला वाकली आणि तिला कर्लरच्या खणातला माउथ ऑर्गन आठवला.

दादाचा जुना माउथ ऑर्गन. खिडकीवालं गाणं ज्याच्यावर सुरू होतं, रेकॉर्डिंगला दादाने जो वाजवला, तोच. लेक दात येताना रडायची म्हणून दादाने तो तिला चावायला देऊन टाकला होता. कोपऱ्यात अजून दातांचे व्रण होते. आणि माउथ ऑर्गनचं एक बरं असतं. त्यात पितळेच्या पट्ट्या ठोकून बसवलेल्या असतात. जो सूर कारखान्यात बसला तो बसला. गाणाऱ्याचा घसा चढेल, उतरेल, ह्याचा सूर सरकत नाही.

तिने तो पदराला पुसला. बटण नेहमीच्या वेगावर ठेवलं आणि गाण्याबरोबर पहिले चार सूर फुंकले. अंगावर काटा आला इतकं बेसूर! कॅसेट चांगली एक सूर वर. तिने बटण खाली आणलं, अजून थोडं, अजून थोडं, आणि फुंकलं. सुरात सूर असा बसला की कॅसेटमधला कुठला आणि हातातला कुठला ते कळेना.

ती खुर्चीत बसली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, आरशासमोर.

म्हणजे टेप पळवली होती. ती कधी एवढ्या वर गायलीच नव्हती! पहिल्यांदा कॅसेट ऐकली तेव्हा तिने विचारलंही होतं, "दादा, हा माझा आवाज असा का येतो?" आणि दादा हसून म्हणाला होता, "वेडे, स्वतःचा आवाज मशीनमधून सगळ्यांना परकाच वाटतो." आणि खरंच वाटतो की सगळ्यांना. म्हणून तर तिने मान डोलावली.

पण आणखी एक गोष्ट आठवली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या स्टेज शोच्या आधी दादाने नवा माउथ ऑर्गन घेतला होता. चकचकीत, "स्टेजच्या दिव्यात उठून दिसेल म्हणून." दिसायला! अरे कुणाला सांगतोस? जुना कॅसेटशी जुळेना म्हणून एक सूर वरचा घेतला होता. त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तरी तो तिच्या शेजारी उभा राहून म्हणत होता, ओढ, वर ओढ.

त्या आठवड्यात ती रोज पार्लर उघडायच्या आधी शटर अर्धं ओढून गायली. पहिल्या दिवशी नुसता खोकला आला. दुसऱ्या दिवशी आवाज गंजलेल्या कात्रीसारखा करकरला. तिसऱ्या दिवशी एक ओळ सरळ गेली. तरणीताठी नव्हती ती ओळ, पण घसा दुखला नाही. वर चढायचंच नव्हतं तर दुखेल कशाला?

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दादा केस काळे करून घ्यायला आला. तिने त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड आवळलं, डोकंभर रंग थापला आणि मग प्लेअर लावला. मांडीवर माउथ ऑर्गन ठेवला.

"वाजव."

"अरे! हा अजून आहे?" दादा खुशीत आला. "पोरीने चावून चावून पार..." त्याने गाण्याबरोबर दोन सूर फुंकले आणि थांबला. आरशात त्याचा चेहरा बदलला. "बिघडलाय गं. जुना झाला."

"जुना झाला म्हणून सगळेच्या सगळे सूर एकसारखे खाली गेले? शिस्तीत?" तिने बटण खाली केलं. "आता वाजव."

दादा उठायला लागला. तिने खांद्यावर पंजा ठेवून त्याला खाली बसवलं. "बस. रंग धरायला वेळ आहे. असाच गेलास तर उद्या अर्धं डोकं पांढरं घेऊन उभा राहशील."

पलीकडे लेकीने ड्रायर बंद केला.

कपाळावरून रंगाचा एक ओघळ आला, तो पुसत दादा बोलला. "कंपनीचा मालक म्हणाला, पोरगी गाते चांगली, पण आवाज बाप्यासारखा. विकणार नाही. रेकॉर्डिस्टने टेप जरा पळवली. दोन्ही गाण्यांना. तेव्हा करायचे गं असं. तुला सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट?" ती एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की रस्त्यावरच्या माणसाने आत डोकावून पाहिलं. "मला वाईट वाटेल म्हणून! आणि मैदानभर लोक खोटारडी म्हणून ओरडले तेव्हा मला काय गुदगुल्या झाल्या? महिनाभर मी पाटीवर लिहून पाणी मागत होते, तेव्हा तू समोर बसून जेवत होतास. एकदा, एकदा तोंड उघडावंसं नाही वाटलं?"

"तिसऱ्या गाण्याला नव्हती पळवली," दादा पुटपुटला. "तो स्टुडिओ दुसरा होता. तिथला रेकॉर्डिस्ट म्हणाला, मी असली चलाखी करत नाही. मला वाटलं, आता आपलं नाव झालंय, चालून जाईल."

"आणि चाललं नाही, तेव्हा माझा आवाज बसला!"

"आई," लेक म्हणाली, "म्हणजे तुझा आवाज गेलाच नव्हता?" तिने आईकडे बघितलं, मामाकडे बघितलं. "मग मला कधीच का नाही..." एवढंच बोलली आणि टॉवेल उचलून मागच्या खोलीत गेली.

ते ऐकून दादाची मान खाली गेली. हिची नाही गेली. हिने नळ सोडला, त्याचं डोकं मागे ओढलं आणि धुता धुता सांगितलं, "उद्या टेप लावायची नाही. मी माझ्या पट्टीत गाणार. तू हाच वाजवायचा, दातांचे व्रण असलेला. आणि लोक ओरडले, तर काय झालं होतं ते तू सांगायचं. मी नाही. तू."

"सांगतो," डोळ्यांत फेस गेलेला दादा म्हणाला. "आईशप्पथ सांगतो."

पण दादाला ती आता ओळखून होती. निघताना तिने लेकीला सांगितलं, उद्या प्लेअर पिशवीत घालून घे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेजमागे सगळा दोन गाण्यांचा बाजार भरला होता. एक मिशाळ गृहस्थ होते, त्यांची टोपी अजून तीच होती, आता विमा विकत होते. एका चौकडीतला एकटाच उरलेला माणूस होता, तो बाकीच्या तिघांच्या ओळीही स्वतःच म्हणणार होता. "तुमचं तिसरं आलं तरी होतं," तो तिला म्हणाला. "आमचं गोदामात पाणी शिरून गेलं." ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग निवेदकाने पुकारा केला, "आणि आता, सगळ्यांची लाडकी चिमणी!" हॉल गच्च भरलेला. टाळ्या थांबेनात. दादाने जुना माउथ ऑर्गन तोंडाला लावला, पहिले चार सूर वाजवले, आणि तिने खिडकीवालं गाणं स्वतःच्या आवाजात उचललं.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. टाळ्या विरल्या, खुर्च्या करकरायला लागल्या, आणि मागून कुणीतरी ओरडलंच. "ओ ताई, हे काय? खरी चिमणी आणा!" हॉल हसला.

ती थांबली. दादाकडे वळली. "सांग."

दादाने माइक जवळ ओढला. लोकांकडे बघितलं. त्या सगळ्या हसऱ्या, खुशीत आलेल्या तोंडांकडे बघितलं आणि त्याचं सगळं अवसान गळालं. "मंडळी," तो हात जोडून म्हणाला, "जरा सांभाळून घ्या. बहिणीचा आवाज बसलाय." आणि खिशातून चकचकीत माउथ ऑर्गन काढून त्याने टेपवाल्याला खूण केली.

टेप सुरू झाली. चिमणी तुरतुरायला लागली. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. ही माइकसमोर उभी राहिली, हात बांधून, ओठ गच्च मिटून. गाणं चालू आणि गाणारीचं तोंड बंद! पुढच्या रांगेतला ठेका अडखळला. मग मधल्या. दादा दातांतून म्हणाला, "ओठ हलव, ओठ हलव." ती ढिम्म. टेपवाला गोंधळला आणि त्याने टेप बंद केली.

"प्लेअर आण," तिने आत बघून लेकीला सांगितलं.

लेकीने स्टुलावर प्लेअर ठेवला, माइक त्याच्यासमोर धरला. "ही तीच कॅसेट," आई लोकांना म्हणाली, आणि आवाज एवढा खणखणीत होता की बसलाय म्हणणाऱ्याने कानात बोटं घालावीत. "माझा आवाज बाप्यासारखा म्हणून ह्यांनी टेप पळवली होती. मी गायले होते ते हे." तिने बटण खाली सरकवलं.

थोडे जण हसले. मग एकोणीस वर्षांच्या त्या पोरीची पहिली ओळ आली, संथ, भरदार, आणि दुसऱ्या ओळीला हिने तिच्यात आपला आवाज मिसळला. एक कोवळा, एक खरबरीत झालेला, पण एकाच घशातले दोन. हे कळायला कुणाला गाण्यातलं काही कळायची गरज नव्हती. मागून ओरडणारा माणूस उभाच होता, तो खाली बसला. माइक धरून उभ्या लेकीने आजवर आईला गाताना कधी ऐकलं नव्हतं, आणि आता एकदम दोनदा ऐकत होती.

गाणं संपलं. टाळ्या आल्या, सगळ्यांच्या नाही आल्या. काही लोक उठून गेले, त्यांना चिमणीच हवी होती. जाईनात का! दादा हळूच जवळ सरकला. ओठांवर हसू आणून कुजबुजला, "झालं ते झालं. चल, आता दुसरं घेऊ. सायकलवालं."

तिने त्याच्या हातातून दातांचे व्रण असलेला माउथ ऑर्गन काढून घेतला.

"नाही," ती माइकमध्येच म्हणाली. "आता तिसरं. आणि तू खाली जाऊन बस."